परदेशात व्हॉलंटियरिंग करताना घरी कधी यावं, दिवाळीला की शाळा सुटल्यावर?

गुलूची_अनुजा:
नमस्कार मंडळी, मी मूळची वाईची, मार्चपासून उत्तर युगांडात गुलूजवळ एका प्राथमिक शाळेत शिकवतेय, दोन वर्षांसाठी आलेय. वर्षातून एकदा चार आठवडे घरी जाता येतं, तिकीट आपलं आपण काढायचं. आई रोज फोनवर दिवाळीला ये म्हणते, चकलीची भाजणी दळून ठेवलीय म्हणे, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यामुळे मलाही फार वाटतंय जावंसं. पण यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि इथे सातवीची बोर्डाची परीक्षा, पीएलई, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच असते, पुढे कुठल्या शाळेत जागा मिळणार ते त्यावरच ठरतं. वर्गात एक मुलगी आहे, पेन्सिल अर्धी तोडून धाकट्या भावाला देते आणि उरलेल्या तुकड्याने लिहिते, अपूर्णांक आत्ता कुठे जमायला लागलेत तिला. तिला आत्ता सोडून निघायचं म्हटलं की पोटात कालवतं. शाळा डिसेंबरच्या सुरुवातीला सुटेल. कोणी दिवाळी सोडून नंतर गेलंय का?

मलावीहून_परत:
मी गेलोय. पहिल्या वर्षी दिवाळीला नऊ दिवस आलो, दोन प्रवासात गेले, बाकीचे याच्याकडे फराळाला त्याच्याकडे जेवायला, आईशी निवांत बोलणं झालंच नाही आणि परतल्यावर महिनाभर कामात मन लागेना. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आलो, कुणाला फारसं कळवलं नाही, सकाळी आईबरोबर मटार सोलत बसायचो, तेव्हा ती खरं काय काय बोलली. डिसेंबरातच ये. आणि निघण्याआधी परमिट नीट बघ, एकदाच प्रवेशाचं असेल तर परत जाताना अडकशील.

मिरजेची_डॉक्टर:
पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव, सुटकेसमध्ये नको. युगांडाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या घेत असशील तर घरी आलो म्हणून बंद करू नकोस, डॉक्सिसायक्लिन तिथून निघाल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. आणि घरी असताना ताप आला तर डॉक्टरला आधी युगांडाहून आलेय हे सांग आणि त्याच दिवशी रक्त तपास. थंडीतला साधा ताप म्हणून लोक दोन दिवस काढतात, फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियात तेवढ्यात जीवावर बेतू शकतं.

सांगलीची_आई:
बाळा, माझा मुलगा नेपाळला असाच गेला होता, म्हणून सांगते. येणार नाही याचं वाईट वाटतंच, पण त्याहून त्रास होतो तो "बघते, ठरवते" याचा. तारीख सांगून टाक, आई त्या तारखेवर दिवस काढते. लक्ष्मीपूजन रविवारी आहे, इथे संध्याकाळचे सात म्हणजे तुझ्याकडे साडेचार, व्हिडिओ लावून पूजेला बस. भाजणी कुठे जात नाही, डब्यात राहते.

गुलूची_अनुजा:
काकू, वाचून रडूच आलं. काल रात्री आईला सांगितलं, २० डिसेंबरला येतेय आणि १७ जानेवारीला परत. आधी गप्प झाली, मग म्हणाली, म्हणजे संक्रांतीला आहेस. इथे तिळाला सिमसिम म्हणतात, बाजारात बायका त्याचे साखरेतले लाडू विकतात, अगदी तिळगुळासारखे. आईसाठी दोन किलो तीळ आणतेय. लशीचं कार्ड आत्ताच पासपोर्टला लावून ठेवलं, परमिटचं उद्या हेडमास्तरांना विचारते.