विषय: गर्दीविना थीम पार्कची छायाचित्रे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आईच्या शस्त्रक्रियेमुळे मी दोन महिने ठाण्यात पाचपाखाडीला आहे. कॅलिफोर्नियाला परतल्यावर मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनासाठी मला अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधील देखावे टिपायचे आहेत. मागच्या खेपेस दार उघडताच आत शिरूनही प्रत्येक छायाचित्रात पाठमोरी डोकी, बाबागाड्या आणि उंचावलेले मोबाइल आले. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
ठाण्याहून एक सभासद

---

ताई, स. न. वि. वि.

नेरुळला स्थायिक होण्यापूर्वी मी बरीच वर्षे त्याच उद्यानात कॅमेरा घेऊन फिरलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गर्दी कशी टाळावी यापेक्षा बांधणाऱ्याने आपल्याला कुठे उभे केले आहे, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे. १९५५ साली ते उद्यान उघडले तेव्हाच बाहेरचे जग दिसू नये म्हणून भोवती मातीचा उंच बांध घातलेला होता. आतल्या कुंपणांना आणि दारांना डोळा सहज ओलांडून जाईल असा मंद हिरवा रंग देतात, त्याला तिथे 'गो अवे ग्रीन' म्हणतात. तिथला परीकथेतला किल्ला केवळ ७७ फुटांचा आहे, पण त्याचे दगड वर जाताना लहान होत गेल्याने तो उंच भासतो. हा भास जमिनीवरून, माफक अंतरावरून पाहणाऱ्यासाठी रचलेला आहे. दुरून मोठ्या टेलिलेन्सने टिपल्यास तो विरतो, आणि गर्दी टाळण्यासाठी कॅमेरा डोक्यावर उंच धरला तरी आपण त्या जागेवरून थोडे ढळतोच. म्हणून जागा सोडू नये, वेळ बदलावी.

सकाळी सगळे एकाच दिशेने धावतात, त्यामुळे ती वेळ मला फारशी मानवली नाही. रात्री बंद होण्याच्या सुमारास लोक दाराकडे ओसरतात आणि आतले कोपरे मोकळे होतात. पावसाची सरही मोलाची असते, कारण माणसे आडोशाला जातात आणि ओल्या फरशीत दिवे उतरतात.

तरीही माणसे उरलीच तर तिवईवर (ट्रायपॉडवर) कॅमेरा न हलवता दहा-दहा सेकंदांनी पंधरा-वीस छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर त्यांचे मध्यक (मीडियन), म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी सर्व छायाचित्रांतले मधले मूल्य, काढावे. निम्म्याहून अधिक छायाचित्रांत जी जागा रिकामी असेल ती रिकामीच उमटते. प्रकाश हजारपट कमी करणारा गडद 'एनडी १०००' फिल्टर भिंगावर लावला तर एक साठांश सेकंदाचे प्रकाशन (एक्सपोजर) सुमारे सतरा सेकंदांचे होते आणि चालणारी माणसे नाहीशी होतात, मात्र बाकावर बसलेली दोन्ही पद्धतींत तशीच राहतात. सेल्फी स्टिक तिथे चालत नाही. तिवई पाठपिशवीत मावणारी असावी.

आपण आत्ताच सराव करावा. आमच्या नेरुळच्या वंडर पार्कमध्ये जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, तेथे एखादी संध्याकाळ काढावी.

आपला,
नेरुळचे काका

---

काका, सप्रेम नमस्कार.

रविवारी संध्याकाळी वंडर पार्कला गेले. तिवई नव्हती म्हणून कॅमेरा कट्ट्यावर पिशवीवर टेकवून सोळा छायाचित्रे घेतली. मध्यक काढल्यावर ताजमहालाच्या प्रतिकृतीपुढची सगळी वर्दळ गेली, पायरीवर बसलेले एक कुटुंब मात्र राहिले. मागच्या इमारतींनी अधिक सतावले, आणि मातीच्या बांधाचे महत्त्व तेव्हा खरे कळले. खाली बसून पुढची झुडपे चौकटीत घेतली तेव्हा बहुतेक इमारती झाकल्या गेल्या. पण त्यामुळे घुमट बुटका दिसतो आहे. याला उपाय काय?

---

ताई,

आपण प्रतिकृतीच्या फार जवळ बसलात, त्यामुळे कॅमेरा वर कलवावा लागला असणार आणि घुमट मागे झुकला असणार. पंधरा-वीस पावले मागे जाऊन, कॅमेरा सरळ धरून, झुडपांच्या फटीतून टिपा. अंधार पडण्याच्या थोडे आधी जा, म्हणजे इमारतींच्या खिडक्यांत दिवे लागलेले नसतील. सोळाही मूळ छायाचित्रे मला पाठवा. त्या कुटुंबातले कोणी मध्येच उठले असेल तर ती पायरी त्याच छायाचित्रातून घेऊन हाताने भरता येईल.