रेबीजच्या विषाणूचं पाच प्रोटीनवर भागतं कसं?

एसवाय_मायक्रो: बेसिक शंका आहे, हसू नका. आपल्याकडे प्रोटीनची वीस हजाराच्या आसपास जीन्स आणि रेबीजकडे फक्त ५ (त्यांच्या प्रोटीनची नावंच एन, पी, एम, जी, एल), तरी तो मेंदूपर्यंत जातो वर इम्युनिटीलाही गप्प बसवतो. नोट्समध्ये पी समोर नुसतं 'पॉलिमरेजचा (आरएनएची कॉपी काढणाऱ्या एन्झाइमचा, म्हणजे एल चा) मदतनीस' लिहिलंय. मग बाकीची कामं करतं कोण?

नाना_जिनोम: तोच पी करतो! २९७ अमिनो आम्लांचं एवढंसं प्रोटीन, पण थोरल्या सुनेसारखं, सगळं तिच्याच गळ्यात. कॉपी काढणाऱ्या एल ला टेम्प्लेटवर (ज्यावरून कॉपी काढायची त्या मूळ आरएनएवर) धरून ठेवायचं, नवीन बनलेला एन (विषाणूच्या आरएनएला गुंडाळणारं प्रोटीन) भलत्याच आरएनएला चिकटू नये म्हणून त्याला सांभाळायचं, आणि इंटरफेरॉनचा (विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रोटीनचा) निरोप घेऊन न्यूक्लियसकडे निघालेल्या स्टॅट१ या आपल्या निरोप्या प्रोटीनला वाटेतच अडवायचं.

ब्लॉटवाली: नाना, सुनेचं उदाहरण बदला आता 😄 बाकी बरोबर. पण पी एकटा नाहीये. मी पेशींत नुसतं पी चं जीन घालून पहिला वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, दाखवणारी चाचणी) केला तर मोठ्या बँडच्या खाली बारीक बारीक बँड, मला वाटलं प्रोटीन तुटलं, प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं रसायन) घालायला विसरले असणार, दोन दिवस परत तेच केलं आणि परत तेच बँड. नंतर सिनियर म्हणाली अगं ते पी२ पी३ आहेत, पी चीच आखूड रूपं. रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) कधी कधी पहिला एयूजी (प्रोटीन सुरू करायची खूण) सोडून पुढच्यावर चढतो, एसटी स्टॉपवर न थांबता पुढे जाऊन थांबते ना तसं.

एसवाय_मायक्रो: म्हणजे पी३ तुकडाच झाला, मग काम कमीच करत असेल ना?

ब्लॉटवाली: उलट वेगळं करतो. पहिली ५२ अमिनो आम्लं गेली की एल आणि नवा एन धरायची जागा गेली, पण त्याच टोकाला न्यूक्लियसमधून बाहेर काढणारा सिग्नलपण आहे, तोही गेला. म्हणून पी३ न्यूक्लियसमध्ये जाऊन बसतो, शिवाय मायक्रोट्यूब्यूलला (पेशीतल्या सांगाड्याच्या नळ्यांना) लटकतो, पूर्ण लांबीचा पी, म्हणजे पी१, तसं करत नाही.

नाना_जिनोम: आणि स्टॅट१ धरणारा भाग दुसऱ्या टोकाला, तो सगळ्या तुकड्यांत शाबूत. तेही साध्या स्टॅट१ च्या फार नादी लागत नाहीत, फॉस्फेट चिकटून कामाला निघालेलाच धरतात.

एसवाय_मायक्रो: भारीच. नोट्समधली ती ओळ खोडली.