मुदत संपलेलं गिफ्ट कार्ड, दुकानवाले दाद देत नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, बहिणीने भेट दिलेलं एका मोठ्या दुकानाचं गिफ्ट कार्ड काउंटरवर चाललंच नाही. "एक्स्पायर झालंय, सिस्टीम घेत नाही," एवढंच उत्तर. कार्डावर तारीख कुठेच नाही. मागे स्क्रॅच पट्टीखाली बारीक अक्षरांत फक्त "अटी लागू". तारीख म्हणे पावतीवर होती. आता भेटीसोबत पावती कोण देतं हो?

दुकानाने पैसे आगाऊ घेतलेत, माल दिलेला नाही. मग शिल्लक परस्पर खिशात कशी घालता येते? ऑस्ट्रेलियात २०१९ पासून अशा बहुतेक कार्डांना किमान ३ वर्षं मुदत द्यावी लागते, तारीखही कार्डावरच ठळक छापावी लागते. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे ५ वर्षं. म्हणजे माझं म्हणणं अगदीच वेडगळ नाही.

कस्टमर केअरकडून साचेबद्ध दिलगिरी आली, बाकी शून्य. मला रोख नकोय, मुदत वाढवून दिली तरी चालेल. कुणाला असं करून मिळालंय का? कुणाशी बोललात, मॅनेजरशी की थेट मुख्य कार्यालयाशी? आणि ग्राहक मंचात जायचं तर तक्रार कुणाच्या नावाने करायची? कार्ड विकत घेतलं बहिणीने, अडकलेय मी.