प्रति: सिग्नलला थांबली की बंद पडते

तुम्ही लिहिलंत की तुमची फोक्सवॅगन बीटल सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की बंद पडते आणि कार्ब्युरेटरचे (इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) स्क्रू फिरवून फिरवून दमलात. आधी कार्ब्युरेटरचा हात सोडा! पहिलं टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर), मग पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ), कार्ब्युरेटर शेवटी. टॅपेटचं अंतर ०.१५ मिमी, तेही पूर्ण थंड इंजिनवर. आपल्याकडे मे महिन्यात म्हणजे पहाटे उठूनच, नंतर सोलापुरात थंड काहीच राहत नाही.

तुमचा कार्ब्युरेटर सोलेक्स ३४ पिक्ट-३ असेल तर थ्रॉटलच्या (एक्सलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) दांडीवरचा स्क्रू आयडलिंगसाठी (गाडी उभी असताना इंजिन हळू चालू राहण्यासाठी) नाहीच. माझ्या मिस्त्रीने तोच पिळला होता, दोन महिने गाडी रुसली. बाजूला दोन स्क्रू आहेत. इंजिन गरम, चोक (थंड इंजिनसाठी हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडलेला. लहान स्क्रू हलक्या हाताने बसवून अडीच फेरे बाहेर. मोठ्या स्क्रूने ८५० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). मग लहान स्क्रूने आरपीएम जास्तीत जास्त चढवा, तिथून आत घेत वीस-तीसने उतरवा, पुन्हा मोठ्या स्क्रूने ८५०.

तरीही डुगडुगली तर मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) सांध्यांवर कार्ब क्लीनर मारून बघा (गरम एक्झॉस्टपासून लांब). आवाज बदलला की हवा तिथूनच शिरतेय. आयडल कटऑफची (चावी बंद केल्यावर आयडलचं पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायरही बघा, चावी फिरवल्यावर टक् वाजायला हवं.