मदत हवी आहे: भयकथेसाठी सागाच्या पानांवरची पावलं

नागपूरकरांनो, ३१ ऑक्टोबरसाठी सागाच्या जंगलातली भयकथा ऑडिओवर करतोय. पण सागाची खरी पानगळ हिवाळ्यात, वाळकी पानं आत्ता कुठून आणू? जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून त्यावर पावलं टाकली की गवताचा आवाज छान येतो, पण सागाच्या मोठ्या पानाचा तो कडक, पोकळ ‘कर्रक’ येत नाही. इतवारीतल्या पळसाच्या पत्रावळी, टाके काढून, चालतील का? रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) हातानेच, कारण ऑटो गेन शांततेत रातकिडे वर ओढतो आणि पुढचं पाऊल दाबतो.

शिवाय चित्रपटही सुचवा. ‘लपाछपी’ (२०१७) पाहिलाय. उसाच्या फडातली तशी भरदिवसाची भीती हवी, नुसते दचके नकोत.