एकट्यानं/एकटीनं नॉर्वे (किंवा त्या बाजूला कुठंही) गेला असाल तर लिहा

म्हापसेकरीण
शुक्रवारी बाजारात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) घ्यायला गेले. सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) ढिगापाशी उभी राहिले, वास नाकात गेला आणि मी थेट नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर पोचले. निवृत्त झाल्यावर एकटीच गेले होते, तेव्हाही असाच मे महिना होता. तिथं राइने म्हणून गाव आहे. घरांच्या मधे, रस्त्याच्या कडेला लाकडाचे उंच मांडव घातलेले आणि त्यांवर कॉड मासा शेपट्या बांधून जोडी-जोडीनं टांगलेला. मीठ अजिबात नाही. फेब्रुवारीपासून टांगायला लागतात, मे-जूनपर्यंत नुसत्या गार वाऱ्यावर सुकतो. मुंडकी वेगळी सुकवतात, ती नायजेरियाला जातात. जिभा कापायचं काम शाळेतली पोरं करतात आणि चांगले पैसे कमावतात. आपल्याकडे मिठाशिवाय टांगा बघू, दुसऱ्या दिवशी अळ्या.

तर मुद्दा. माझी भाची पुढच्या उन्हाळ्यात एकटी जायचं म्हणते आहे आणि घरात तेच सुरू झालंय जे माझ्या वेळी झालं होतं. "एकटी? आणि काही झालं तर?" हेच घरचे मला रात्रीच्या शेवटच्या बसनं पणजीहून एकटीला येऊ द्यायचे, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. तुमचे अनुभव लिहा, तिला दाखवते. मोठं लिहायची गरज नाही.

डिचोलीकर
आधी व्हिसा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात) आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. फी 90 युरो (2024 च्या जूनपासून वाढली). विमा किमान 30,000 युरोचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निघायला पंधरा दिवसांहून कमी उरले तर घेत नाहीत. उन्हाळ्यातली गर्दी बघता फेब्रुवारीतच करा. एकटी बाई म्हटल्यावर परत येणार ह्याचे कागद भक्कम हवेत. रजेचं पत्र, घराचे कागद, बँकेचं स्टेटमेंट. माझा शेजारी पोर्तुगीज पासपोर्टवाला, बॅग उचलली नि गेला. आम्ही बसलो झेरॉक्स काढत.

बार्देशची मैना
काकू तो मासा उघड्यावर टांगतात तर मांजरं??

म्हापसेकरीण
मांजर एक दिसलं नाही गो. पक्ष्यांचा त्रास असतो, म्हणून काही मांडवांवर जाळी घालतात.

मडगावकर पात्रांव
आता मासळीवर आलोच आहोत तर सांगतो. शेजारच्या अंकलकडे नाताळात बाकल्याव असायचा, आणि तो पोर्तुगालचा म्हणून केवढं कौतुक! मासा नॉर्वेचाच. तिथं खारवून सुकवलेल्या कॉडला क्लिपफिस्क म्हणतात, क्रिस्टियानसुन हे त्याचं जुनं बंदर. पोर्तुगीज तो शेकडो वर्षं विकत घेताहेत. काकूंनी पाहिला तो बिनमिठाचा, तो वेगळा. बाकल्याव रात्रभर पाण्यात ठेवून तीनचार वेळा पाणी बदलायचं, नाहीतर तोंडात घालवत नाही. बटाटा उकडून घालायचा की तळून ह्यावर त्या घरात दरवर्षी भांडण.

पर्वरीचा पोरगा
तळून

बार्देशची मैना
उकडून. आणि हा धागा प्रवासाचा आहे ना 😄

साखळीची सून
मी गेलेय, एकटी. नवऱ्याला रजा नव्हती आणि मला थांबायचं नव्हतं. भात शिजतोय तोवर लिहिते.

ओस्लो ते बर्गन रेल्वेनं जा, विमानानं नको. 1909 सालची लाइन आहे, वाटेत फिन्से स्टेशन 1222 मीटरवर, जूनमध्येही बर्फ. मधे मिरडालला उतरून फ्लोमची छोटी गाडी घ्यायची, 20 किलोमीटरमध्ये 860 मीटरहून जास्त खाली उतरते. वाटेत एका धबधब्याला गाडी मुद्दाम थांबते, माणसं उतरून फोटो काढतात, उन्हाळ्यात खडकावर लाल कपड्यातली बाई नाचते सुद्धा. मला दूधसागर आठवून हसू आलं. आपल्याकडे तिथं उतरलं की पोलीस मागे लागतात. फ्लोमहून गुडवांगनला बोट घेतली. नेरॉयफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) काही जागी जेमतेम 250 मीटर रुंद, दोन्हीकडे सरळ उभे डोंगर. सगळे डेकवर थंडीत कुडकुडत उभे, आत कॉफी पीत बसलेली मी आणि एक जपानी आजी. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, बिस्किटं मात्र वाटून खाल्ली.

तिकिटं आधी काढली तर निम्म्याहून स्वस्त पडतात. एन्तूर (Entur) नावाचं अॅप आहे, त्यात बस, रेल्वे, बोट सगळ्याचं वेळापत्रक एकत्र दिसतं. रोख पैसे लागतच नाहीत.

भीती? माणसांची वाटलीच नाही. हॉटेलात एकट्या बाईला कुणी "आणि कोण येणार?" विचारत नाही. रात्री अकराला लख्ख उजेड, त्यामुळे "काळोख पडायच्या आत घरी" हे वाक्यच बाद. पण बाहेर जेवायचे भाव बघून मात्र घाम फुटतो. मी सुपरमार्केटचा पाव, ते तपकिरी गोडसर चीज आणि घरच्या चटण्या ह्यांच्यावर काढलं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. भात लागला, जाते.

कुडचडेकर
मोपाहून पहाटेचं विमान आहे, टॅक्सीवाले काय वाट्टेल ते मागतात. दुसरं काही आहे का?

डिचोलीकर
कदंबची बस आहे मोपाला. वेळ बघून घ्या.

कुडचडेकर
कुडचड्याहून मोपा म्हणजे गोवा संपून परत सुरू होतो रे. असो. धन्यवाद.

फेणीप्रेमी
कुणीच मुद्द्याचं लिहीत नाही म्हणून मी लिहितो. तिथं वाइन आणि कडक दारू फक्त सरकारी दुकानात. सुपरमार्केटात नुसती बीअर, तीही आठवड्यात रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंत. मी शनिवारी साडेसहाला गेलो. बाटल्या समोर दिसतात पण विकत नाहीत! गोव्यातून गेलेल्या माणसाचे हे हाल लिहून ठेवायला हवेत.

बार्देशची मैना
😂😂 देव बरें करूं

पेडण्याचे मास्तर
मुलीला दाखवणार आहात म्हणून नीट लिहितो. त्या देशात चोराचिलटाची भीती कमी, डोंगराची आणि हवेची जास्त. घरचे काळजी करतात ती चुकीच्या गोष्टीची.

मी स्टाव्हांगरजवळच्या प्रेइकेस्टोलेनला एकटा गेलो होतो. फ्योर्डवर 604 मीटर उंच सपाट कडा, आणि काठाला एकही कठडा नाही. आपल्याकडे असता तर कठडा, पाटी, सेल्फी पॉइंट आणि भजीचं दुकान. तिथं समजतं की तुमची अक्कल तुमच्याजवळ. नंतर दुसऱ्या एका डोंगरावर निघालो तर अर्ध्या वाटेत धुकं इतकं उतरलं की दगडांवरच्या लाल खुणा दिसेनात. मागे फिरलो. वर जाणारं एक स्थानिक जोडपं भेटलं, तेही माझ्याबरोबर वळलं, चेहऱ्यावर काही नाही. डोंगरात जायचे त्यांचे नऊ नियम आहेत, त्यात वेळेत मागे फिरायला लाज वाटू देऊ नका हे चक्क लिहिलेलं आहे.

तर मुलीला तीन गोष्टी सांगा. कुठं चालली आहे ते हॉटेलात सांगून निघायचं. हवामान यर नावाच्या अॅपवर बघायचं, त्यांच्या सरकारी हवामान खात्याचं आहे, फुकट. आणि नंबर पाठ: पोलीस 112, रुग्णवाहिका 113, आग 110.

त्यांच्या गिर्यारोहक संघटनेच्या डोंगरातल्या झोपड्याही बघा. संघटना 1868 ची. काही झोपड्यांत माणूस नसतो, पण कपाटात डबाबंद जेवण, पीठ, कॉफी भरलेली. घ्यायचं, यादीत लिहायचं, पैसे भरायचे. कुणी बघत नाही.

पर्वरीचा पोरगा
आपल्याकडे कपाटच नेतील

वास्कोची नर्स
ड्युटी संपली, बसमध्ये टाइप करतेय, चुका समजून घ्या. मी ट्रोम्सोला, नॉर्वेच्या पार उत्तरेला, जानेवारीत गेले होते, उत्तरेचे दिवे (रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश) बघायला. सगळे उन्हाळ्याचं लिहितायत म्हणून. तिथं नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा निळा उजेड, मग परत काळोख. मला वाटलं उदास वाटेल, पण घराघरांत खिडकीत दिवा ठेवलेला आणि पोरं त्याच अंधारात घसरगाड्या घेऊन शाळेत. रस्ता म्हणजे नुसता बर्फाचा. बुटांना रबरानं अडकवायचे खिळे मिळतात ते पहिल्या दिवशीच घेतले, तरी एकदा आपटले. हात देऊन उठवणारी आजी ऐंशीची असेल, तिच्याही बुटांना तेच खिळे, हातात भाजीची पिशवी.

दिवे दोन रात्री दिसले नाहीत. ढग. तिसऱ्या रात्री दिसले, तेव्हा फोनची बॅटरी थंडीनं बसली. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवणार होते, तिला वाटतं मी अजून थापा मारतेय.

मांडवीकाठ
बर्गनबद्दल एक. तिथं वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. आपण गोव्याचे म्हणून मी फुशारकीनं नेहमीची छत्री नेली. वारा आडवा, छत्री उलटी. तिथल्यांच्या हातात छत्री कमीच, सगळे रेनकोटात. तान्ह्या बाळाच्या गाडीलासुद्धा प्लास्टिकचं आवरण.

भाची
मीच ती 🙋‍♀️ सगळ्यांना थँक यू. प्रश्न: एकटीला खोलीचे पैसे दोघांचे भरावे लागतात का? आणि लोफोटेनला कसं जायचं?

म्हापसेकरीण
हॉटेलात बहुतेक वेळा हो, म्हणून मी होस्टेल घेतलं होतं, बायकांची वेगळी खोली मिळते. लोफोटेनसाठी बोडोपर्यंत रेल्वे, तिथून मोस्केनेसची फेरी, तीनसाडेतीन तास. समुद्र खवळला तर उलटीची गोळी घेऊन चढ. किनाऱ्यानं जाणारी मोठी बोटही आहे, आता बर्गन ते किर्केनेस जाते, सेवा 1893 साली सुरू झालेली. तिचं अख्खं तिकीट काढायला नको, एका बंदरातून पुढच्या बंदरापर्यंतचंही मिळतं.

साखळीची सून
आणि तूप-मिठाई, मटणाचं लोणचं नेऊ नकोस गो. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे. कोरड्या चटण्या चालतात.

भाचीची आई
मी हे सगळं वाचलं. मास्तरांचं पटलं. ती सुरक्षित राहील असं वाटतंय. पण ती आगगाडी आणि तो धबधबा मलाही बघायचाय. मीही जाईन म्हणते.

भाची
आई!!!

पेडण्याचे मास्तर
वहिनी, तुम्ही वेगळी तारीख घ्या. तुम्हीही एकट्याच जा.

फेणीप्रेमी
आणि शनिवारी सहाच्या आत पोचा.

साखळीची सून
वहिनी, खरंच जायचं असेल तर मला मेसेज करा, वेळापत्रकाचं सगळं अजून फोनमध्ये आहे. जुलैच्या मध्यात त्यांच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेवढं टाळा. लोकरीचे मोजे इथून घेऊ नका, तिथलेच घ्या.