स्लीव्ह सर्जरीनंतर वजन उतरतंय पण संध्याकाळी जीव कासावीस होतो, कुणाला असं झालंय का?

जास्वंदी

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३८, राहायला कल्याण, नोकरी मुंबईत. एप्रिलमध्ये माझी स्लीव्ह सर्जरी झाली, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढून उरलेलं नळीसारखं ठेवतात ते ऑपरेशन. डायबेटिस होता, बीपी होतं, गुडघ्यांची वाट लागली होती, स्टेशनचा जिना एका दमात चढता यायचा नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बऱ्याच कमी केल्यात, वजनही छान उतरतंय. सगळे म्हणतात आता काय कमी आहे तुला. आणि मला रोज संध्याकाळी रडू येतं.

मी घरी पोचते साडेसातच्या सुमाराला. आधी सासूबाई चहा टाकून ठेवायच्या, सोबत थालीपीठ नाहीतर पोहे नाहीतर येताना मीच स्टेशनबाहेरून गरम भजी घेऊन यायचे आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्याउभ्याच खायचो. दिवसभराचं सगळं तिथे बोलून व्हायचं, ऑफिसचं, नणंदेचं, शेजारच्यांचं. लग्नाला १२ वर्षं झाली, सासूबाईंशी माझं जे काही जुळलं ते त्या अर्ध्या तासात जुळलं. आता मी दोन चमचे काहीतरी खाते की पोट गच्च. मला नको म्हणून त्यांनी करायचंच बंद केलं, आणि एकट्या तर त्या खाणारच नाहीत. मग त्या टीव्हीपुढे आणि मी बेडरूममध्ये. खाणं गेल्याचं एवढं वाईट वाटत नाही जेवढं ते गेल्याचं वाटतं, कळतंय का मला काय म्हणायचंय?

आणि भूक नसतेच खरं तर. पण त्या वेळी तोंडात काहीतरी हवं असतं, इतकं की हात थरथरतात. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो एवढा खर्च केला, वजन उतरतंय, मग रडायचं कशाला. ऑफिसात एक जण म्हणाली काय सोपा मार्ग काढलास ग. केस पण मूठमूठ गळतायत. आता गणपती येतायत, सासरी मोठं असतं आमच्याकडे, पंगतीला माझ्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष असणार याचंच टेन्शन आलंय.

ज्यांचं झालंय त्यांनी हे कसं काढलं ते सांगा प्लीज. आणि काउन्सेलरकडे जावं का यासाठी, का हे आपोआप जातं?

---

रंकाळ्यावरची

जास्वंदी ताई, तुमचं वाचून मीही रडले. माझी गॅस्ट्रिक बायपास (हृदयाची नाही, वजन कमी करायचंच दुसरं ऑपरेशन) होऊन ३ वर्षं झाली, कोल्हापूरला असते. आमच्याकडे माणूस घरी आला की आधी जेवलास का विचारतात, त्यामुळे जेवण बंद म्हणजे माणसांतून उठल्यासारखं होतं हे मला पुरतं ठाऊक आहे. दुःख होणारच आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. सोपा मार्ग वगैरे म्हणणाऱ्या बाईला सांगा, एक महिना वाटीभर पातळ पदार्थांवर राहून दाखव.

आता सासूबाईंचं. त्यांना वाटत असणार की आपल्या हाताचं खाऊन सुनेला त्रास होईल, म्हणून त्या मागे सरल्यात. त्यांना काम द्या. माझ्या सासूबाईंना मी डाएटिशियनकडे सोबतच घेऊन गेले, तिथून आल्यावर मुगाचं कढण, पातळ पिठलं, अंड्याची मऊ भुर्जी, उकडून कुस्करलेली मटकी हे सगळं त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतलं. आमची भांडणं झाली पण बोलणं सुरू राहिलं. तुमच्याकडे संध्याकाळी त्यांच्यासाठी थालीपीठ आणि तुमच्यासाठी छोट्या वाटीत दह्यात कालवलेलं पनीर असं का नको? त्यांना स्पष्ट सांगा की आई तुम्ही खायचं, मी बसते तुमच्यापाशी. स्पष्टच सांगा, बायका मनातल्या मनात समजून घेतात आणि सगळा घोटाळा होतो. आणि उभ्याने नको आता, बसून. वीस मिनिटं एका वाटीला. तेवढ्यात तुमचं सगळं बोलून होईल बघा.

खाण्याचं माझं असं बसलंय: आधी प्रोटीन, मग भाजी, पोटात जागा उरली तरच भात किंवा भाकरी. पोळी फार दिवस अडकायची मला, मऊ पोळीचा आत गोळा होतो, त्यापेक्षा ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून बरी जाते. सुकं मटण अजून जात नाही, मासा आणि खिमा जातो. पाणी जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही, मधे तर नाहीच. गोडाचं म्हणाल तर बायपासवाल्यांना बासुंदीची अर्धी वाटी गेली तरी घाम, धडधड, पोटात कळ, आडवं व्हायला लागतं, त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हला कमी होतं पण होऊ शकतं, तेव्हा गणपतीत सांभाळून.

पंगतीत आग्रह झाला तर मी एकच वाक्य म्हणते, ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलंय. किती वजन, कुठलं ऑपरेशन, पुढचं काही सांगत बसायचं नाही. आणि वाढायचं काम मागून घ्या. वाढणाऱ्या बाईचं ताट कोणी बघत नाही.

---

वऱ्हाडी_पाहुणा

ताई मी अकोल्याचा, स्लीव्ह होऊन दीड वर्षाच्या वर झालं. पुरुष या विषयावर बोलत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. तुम्ही जे हात थरथरण्याचं लिहिलं ते आधी शुगर चेक करून बघा, कारण डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या, वजन उतरताना डोस जास्त होऊन शुगर खाली जाऊ शकते, ते आणि मनाचं यात गल्लत नको. ग्लुकोमीटर घरात असेलच.

शुगर नॉर्मल निघाली तर मग ते मनाचं. मला आमच्या काउन्सेलर मॅडमनी वही ठेवायला लावली होती, काय खाल्लं ते नाही लिहायचं, खावंसं वाटलं तेव्हा किती वाजले होते, त्याच्या आधी काय घडलं होतं, सोबत कोण होतं एवढंच. माझं दुकान आहे, वहीत दिसलं की दुकान बंद करून हिशोब जुळला नाही की मला शेव चिवडा आठवतो. तेव्हापासून हिशोब मी सकाळी करतो. ऐकायला किरकोळ वाटेल पण मला याने जितका फरक पडला तितका कशानेच नाही.

शेव, चिवडा, वेफर्स, बिस्किटं यांच्याबद्दल एक सांगतो, हे पदार्थ तोंडात विरघळून सरळ खाली उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही, चिकनचे चार तुकडे पोट भरतात पण चिवडा तासभर खाता येतो. वर्षभरानंतर ज्यांचं वजन परत चढायला लागतं त्यांच्यात हे दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं फार दिसतं. म्हणून डबे घरात असले तरी आपल्या हाताच्या उंचीवर नकोत.

दुसरं, दारू. तुम्हाला लागू नसेल पण इथे वाचणाऱ्या भावांना सांगतो. ऑपरेशननंतर दारू फार झपाट्याने चढते, विशेषतः बायपासमध्ये, आणि आधी जेवणात जो दिलासा मिळत होता तो काही लोक पेल्यात शोधायला लागतात. आमच्या सपोर्ट ग्रुपमधल्या एकाचं हेच झालं, वजन झकास उतरलं होतं, सगळे टाळ्या वाजवत होते आणि घरात वेगळंच चालू होतं. ग्रुपमध्ये तो बोलला म्हणून कळलं, आता उपचार चालू आहेत त्याचे. आपापल्या हॉस्पिटलचा ग्रुप असेल तर जात जा, सगळं ठीक चाललंय असं वाटतं तेव्हा तर नक्की जा, कारण नवीन माणसाला तुम्हाला बघून धीर येतो.

काउन्सेलरचं विचारलंत, तर जा. आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका. लगेच अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. रात्री कधी अगदीच नको नको झालं तर तिथे फोन लावा.

---

गोदाकाठ

माझी नाही, बायकोची सर्जरी झाली दोन वर्षांपूर्वी. जास्वंदी ताईंच्या मिस्टरांसाठी लिहितोय, त्यांना हे वाचायला द्या.

भाऊ, तुम्ही वाईट माणूस नाही हे दिसतंय, तुम्हाला कौतुकच आहे. पण "वजन उतरतंय ना मग काय" हे वाक्य घरात बंद करा. माझी बायको रोज काट्यावर उभी राहायची आणि एखाद्या आठवड्यात काटा हलला नाही की त्या दिवशी घरात कुणाशी बोलायची नाही, आणि मी येताजाता आज किती, आज किती विचारत होतो. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं की वजन असंच उतरतं, मधे मधे थांबतं, सरळ रेषेत कुणाचंच उतरत नाही. काटा मग आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, आणि आकडा तिचा, तिने सांगितला तर ऐकायचा.

आमचं फिरणं, भेटणं, वाढदिवस, सगळं हॉटेलात असायचं. हिचं ऑपरेशन झाल्यावर शनिवारी करायचं काय हेच कळेना. आम्ही नाट्यगृहाकडे वळलो, दर महिन्याला एक नाटक, मध्यंतरात ती पाणी सुद्धा बेताने पिते, मी वडा खातो, ती म्हणते खा. तिच्यासमोर लपून खायचं नाही हे आमचं ठरलंय, लपवलं की तिला ती आजारी असल्यासारखं वाटतं.

आणि एक, आरशात तिला अजूनही जुनीच बाई दिसते. कपडे घ्यायला गेलो की मोठ्या मापाच्या रॅककडे पाय वळतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते त्याचंही तिला फार वाटतं. त्यावर सल्ला देऊ नका, नुसतं ऐका.

---

मूगडाळ

मी डाएटिशियन आहे, ठाण्यात बॅरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करायची ऑपरेशनं करणाऱ्या टीमसोबत काम करते. वरच्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की मी फक्त राहिलेलं लिहिते.

भूक नाही पण खावंसं वाटतं, याला कारण आहे ताई. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, त्यात वरचा जो फुगीर भाग जातो तिथे घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन बरंचसं तयार होतं. म्हणून पोटाची भूक सुरुवातीला जवळजवळ गायब होते. पण थकून घरी आल्यावरचा तो अर्धा तास, तो मेंदूने १२ वर्षं शिकलेला आहे, तो हार्मोन कमी झालं म्हणून पुसला जात नाही. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडतेय असं अजिबात नाही. दुपारचं जेवण आणि घर यात अंतर किती पडतं? पेशंटांचं मी बघते, दीडला डबा आणि मग थेट साडेसात, मधे लोकलची गर्दी. साडेपाचला ऑफिसातून निघतानाच एक उकडलेलं अंडं किंवा थोडं पनीर किंवा मूठभर भाजलेले चणे नीट चावून खाऊन बघा, संध्याकाळचा जोर निम्मा होतो पुष्कळांचा.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हे ढोबळ माप, तुमचं नेमकं तुमची टीम सांगेल. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, वाटीभर वरणात त्याच्याच आसपास, तेव्हा नुसत्या वरणभातावर हे गणित बसत नाही, म्हणून पावडर देतात, ती टाळू नका. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, ऑपरेशनचा आणि झपाट्याने वजन उतरण्याचा तो शरीराला बसलेला धक्का आहे, पोषण सांभाळलं तर परत येतात. गोळ्या, म्हणजे मल्टिव्हिटामिन, बी१२, डी, कॅल्शियम, आयर्न, या आयुष्यभराच्या समजा. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या.

गणपतीत उपास करणार असाल तर हरतालिकेचा निर्जळी उपास या वर्षी नको, पाणी कमी पडून ॲडमिट झालेल्या बायका मी बघितल्यात. साबुदाणा खिचडीत प्रोटीन नावालाच, वर तेल तूप. मोदक खायचाच असेल तर जेवणाच्या शेवटी, अर्धा, सावकाश. देवाला काही कमी पडत नाही. आणि मूल हवं असेल तर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे बायकांना कुणी सांगतच नाही.

---

जास्वंदी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं लोकलमध्ये वाचलं आणि शेजारच्या बाईने विचारलं काय झालं म्हणून. रंकाळ्यावरची ताई, वाढायचं काम आजच जाऊबाईंना सांगून मागून घेतलं. गोदाकाठ, मिस्टरांना पाठवलंय, त्यांनी वाचून फक्त बरं म्हटलं पण रात्री आज किती असं विचारलं नाही. शुगर पण बघितली, नॉर्मल आहे.

मूगडाळ ताई एक विचारू का, गेले दोन आठवडे मला रोजच उलटी होतेय, कधी दोनदा, मला वाटलं ऑफिसात घाईत खाते म्हणून असेल. मळमळतं म्हणून गोळ्याही बंद आहेत. आणि पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, ते बसून बसून होतं का?

---

मूगडाळ

ताई, याची वाट बघू नका, आत्ता फोन करा सर्जनना आणि आजच जा. दोन आठवडे रोज उलटी हे नॉर्मल नाही, स्लीव्ह कुठे अरुंद झालीय का ते बघायला लागेल, कदाचित दुर्बीण घालून. आणि उलट्या चालू, गोळ्या बंद आणि पायाला मुंग्या म्हणजे बी१ म्हणजे थायमिन कमी पडल्याची शंका येते, त्याने नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर इजा टळते. चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, काही आठवेनासं होणं यातलं काही असेल तर सर्जनच्या फोनचीही वाट न बघता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

तिथे गेल्यावर आधी सांगा की स्लीव्ह झालीय, दोन आठवडे उलट्या आहेत, आणि ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्याल का असं विचारा. ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे बोलायला संकोच करू नका. डिस्चार्ज पेपर सोबत घ्या, एकट्या जाऊ नका, मिस्टर ऑफिसात असतील तर सासूबाईंना घेऊन निघा. पोचलात की इथे एक ओळ टाका.

---

जास्वंदी

सर्जनशी बोलले, लगेच या म्हणाले. आई चप्पल घालतायत, निघतोय.